मी काढायला लावलेला उंबरा

लोकांना पडू न देणं हा माझा धंदा. परभणीत बत्तीस वर्षं फिजिओथेरपी केली. सुरुवातीला पाटी वाचून लोक आत यायचे आणि विचारायचे, “दात काढता का हो हितं?” मग मान-कंबर शेकून देते म्हणून ‘शेकवाल्या बाई’ झाले आणि केस पांढरे झाल्यावर ‘कसरतीच्या मॅडम’. आता दवाखाना भाचीच्या हातात दिलाय. मी आठवड्यातून तीन दिवस जाते आणि तिच्या कामात नाक खुपसते. दिवाळी अंकासाठी कामातले अनुभव लिहा म्हटल्यावर पहिल्यांदा गुडघे आठवले, पण गुडघ्यांवर काय लिहायचं? सगळे सारखेच कुरकुरतात. मला जन्मभर कोडं पडत आलं ते कंपवाताचं, आणि त्यातही ही माणसं पडतात कशी याचं.

कंपवात म्हणजे पार्किन्सन. लोकांना त्यातला थरथरणारा हात तेवढा दिसतो. अहो, हात थरथरला तर चहा सांडेल. तोल गेला तर खुबा मोडतो, आणि म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की सगळं घर बाजेपाशी येऊन बसतं. तुम्ही-आम्ही चालताना ‘आता उजवा उचल, आता डावा टाक’ असं स्वतःला सांगत नाही. मेंदूत आतल्या आत कुणीतरी ठेका धरून बसलेलं असतं. कंपवातात तो ठेका चुकायला लागतो. पावलं बारीक होतात, घासत पडतात. वळताना पायात पाय येतो. आणि कधीकधी, विशेषतः दारात, पाय जागच्या जागी खिळतात. अंग पुढं निघालेलं आणि पाय मागंच, मग माणूस तोंडावर येणार नाहीतर काय होणार?

आणखी एक गंमत. गंमत म्हणू नये, पण आहे. तुम्हाला कुणी मागून ओढलं तर तुमचा पाय आपोआप मागं जातो आणि तुम्ही सावरता. ह्या लोकांचा जात नाही. ते जसे उभे तसे मागं येतात. हे तपासायला आम्ही रोग्याच्या मागं उभं राहतो, सांगून-सवरून त्याचे खांदे झटक्यानं मागं ओढतो आणि झेलायला तयार राहतो. एकदा येलदरीकडच्या एका मासेमार गड्याला मी असं ओढलं. त्याला आधी सांगितलं होतं, बायकोला सांगायचं राहून गेलं. बाईनं उठून माझी वेणीच धरली. “माज्या मालकाला पाडतीस व्हय गं?” नवरा माझ्या हातात, माझी वेणी तिच्या हातात, आणि दारात पुढचे पेशंट रांगेनं बघायलेत! तेव्हापासून मी आधी बायकोला सांगते, मग नवऱ्याला ओढते.

बोरीचे एक गुरुजी होते, शाळेतून निवृत्त झालेले. घरात व्यवस्थित चालायचे आणि रस्त्यावर हमखास पडायचे. घरच्यांना वाटायचं रस्ता खराब. रस्ता खराब होताच, पण गुरुजी सपाट जागीसुद्धा पडायचे. एक दिवस मी त्यांच्या मागं-मागं चालले. दहा पावलं नीट गेली. मग सायकलवरून एक जण गेला, “जय भीम गुरुजी!” गुरुजींनी मान वळवली, हात उचलला, “जय भीम” म्हणाले आणि कलंडले. मी धरलं म्हणून वाचले. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून शिकलेलं, म्हणजे शंभर पावलांत पंधरा जय भीम. चालणं आणि बोलणं आपल्याला एका वेळी जमतं, कारण चालणं फुकटात होत असतं. त्यांना चालायलाच सगळं लक्ष लागायचं, ते सलामाला दिलं की पायाला काही उरायचं नाही. मी म्हटलं, “गुरुजी, आधी थांबा. दोन्ही पाय रोवा. मग जय भीम घाला.” गुरुजी म्हणाले, “मॅडम, इतका उशीर केला तर लोक म्हनतील गुरुजीला गर्व झालाय.” शेवटी त्यांनीच तोडगा काढला. चौकात जाऊन सांगितलं, “बाबांनो, मी आधी उभा राहनार, मग जय भीम घेनार. घाई करू नका.” लोक ऐकायला लागले. लहान पोरंसुद्धा सायकल थांबवून उभी राहायची.

अशा गोष्टींनी माझं डोकं जरा चढलं होतं. त्याच दिवसांत झरीचे रंगनाथराव माझ्याकडं आले, आणि आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

रंगनाथराव पंचाहत्तरीचे, नऊ एकर रान, बायको वारलेली. घरात मुलगा बालाजी आणि सून सत्यभामा. औषधं मोठ्या डॉक्टरांची चालू होती, चालण्याचा जिम्मा माझा. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा रिवाजाप्रमाणं विचारलं, “तुम्हाला काय जमायला पाहिजे?” हे मी सगळ्यांना विचारते. बहुतेक जण म्हणतात, बरं करा. रंगनाथरावांचा आवाज रोगानं अगदी बारीक झालेला, कान तोंडाशी न्यावा लागायचा. ते म्हणाले, “बाई, मला संडासला माज्या पायानं जायचंय. कवा कवा पाय अडतेत, मंग सून धरून नेती. पोरगी देवावानी हाय, पर मला लाज वाटती.”

बस, एवढंच. शेत नको, बाजार नको.

बैठकीतल्या खाटेपासून मागच्या दारातून बाहेर पडलं की पत्र्याखालची पडवी, तिच्या टोकाला संडास. मागच्या दाराला जुना सागवानी उंबरा, चांगला वीतभर उंच. माझ्याकडं एक यादी असायची. घरात माणूस कशाकशाला अडखळून पडतो त्याची. सैल चटई, मिणमिणता बल्ब, लोंबती वायर, निसरडी फरशी, उंबरा. मी यादी काढली आणि बोट दाखवून म्हटलं, “हा आधी काढा.”

सत्यभामा म्हणाली, “मॅडम, उंबरा कसा काढावा? मी रोज हळदीकुंकू वाहते त्याला.”

“उंबऱ्यात लक्ष्मी बसत नसते, सत्यभामा,” मी म्हणाले, “उंबऱ्यात हाडं मोडतात.”

वाक्य मला इतकं आवडलं की परतताना मोटारीत ड्रायव्हरला दोनदा ऐकवलं. त्या दिवशी जिंतूर रस्त्यावर अजून दोन पेशंट बघायचे होते, म्हणून मी घाईत होते. रंगनाथरावांना तो उंबरा ओलांडताना मी बघितलंच नव्हतं. दुसऱ्याला हे सांगायला आजही जीभ जड होते.

बालाजी शब्दाचा पक्का. चार दिवसांत गवंडी लावून उंबरा उखडला आणि बैठकीपासून पडवीपर्यंत एकसारखी गुळगुळीत पांढरी फरशी टाकली. नवव्या दिवशी त्याचा फोन आला. “मॅडम, दादा पडले. त्याच दारात. मनगट मोडलं.”

गावात बोभाटा झाला. मॅडमनं उंबरा काढाया लावला, घराची लक्ष्मी गेली. एका म्हातारीनं तर सत्यभामेला तोंडावर सुनावलं, “शिकल्या-सवरल्या बायांचं ऐकून घराचा उंबरा मोडतीस, मंग असंच व्हनार.” मला हे कळलं तेव्हा मी भाचीपाशी तणतणले. काय हे लोक, कुठं उंबरा आणि कुठं मनगट! तणतणत होते खरी, पण ड्रायव्हरला झरीला मोटार काढायला सांगितली.

मी गेले तेव्हा रंगनाथराव खाटेवर, हाताला प्लास्टर. खाटेखाली भांडं ठेवलेलं. बालाजीनं फर्मान काढलं होतं, आता उठायचंच न्हाई, सगळं हितंच. सत्यभामेनं मला बाजूला घेतलं. “मॅडम, मामा पानी पेत न्हाईत. सकाळपून एक गलास बी न्हाई. मला भांडं उचलाया लागू नये मनून. जेवन बी अर्धी भाकर.” पाणी कमी झालं की आधीच कमी असलेला रक्तदाब आणखी उतरतो, उभं राहिलं की घेरी येते, म्हणजे पुन्हा पडणं. पण ते शास्त्र त्या वेळी मला सुचलंच नाही. हा माणूस सुनेपुढं लाज राखायला तहानेला मरायलाय, एवढंच दिसलं, आणि मला स्वतःची लाज वाटली.

मी म्हटलं, “दादा, उठा. आज मला तुमचं चालणं बघू द्या.” जे पहिल्या दिवशी करायचं ते आता. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं बालाजी. खाटेपासून चार पावलं बारीक-बारीक पडली. दार आलं आणि पाय खिळले. टाचा वर, चवडे फरशीला, गुडघे लटलटा. पुढं जाईना, मागं येईना.

बालाजी भडकला. “चला की दादा! मॅडम, हे सोंग हाय. परवा उन्हाला बसावं मनून गाडीवर रानात नेऊन बाजंवर बसवलं. कुनाची तरी बकरी हरभऱ्यात शिरली. तर हा मानूस उठून सरासरा गेला अन् हाकलून आला! एका हाताला पलस्तर! अन् हितं दोन हाताचं दार वलांडंना. आमाला परेशान करायलेत, दुसरं काय?”

मी रंगनाथरावांकडं बघितलं. चेहऱ्याचे स्नायू ताठलेले असल्यानं ह्या रोग्यांच्या तोंडावर राग-दुःख उमटत नाही. डोळ्यांतून मात्र पाणी आलं.

माझ्या मनात वेगळंच चक्र सुरू झालं होतं. बकरी. हरभरा. सरासरा. रागाच्या झटक्यात कंपवाताचा माणूस एखादवेळी पळतो, हे ऐकून होते. पण बकरी गेल्यावर परत आला तो कशाच्या रागानं? मी म्हणाले, “बालाजी, गाडी काढ. रानात चल.”

“आता?”

“आत्ता.”

त्याला वाटलं असणार, बाप तर बाप, मॅडमचंही डोकं फिरलं. पण त्यानं गाडी काढली.

हरभरा वीतभर आलेला, ओळी सरळ. मी बालाजीला म्हटलं, रागावायचं नाही, बकरी नाही, काही नाही. दादांना ओळींना आडवं चालू दे, मी शेजारी आहे. आणि माझ्या डोळ्यांसमोर तो माणूस चालला. पाय उचलला, एक ओळ ओलांडली, टाकला. दुसरा उचलला, ओळ ओलांडली, टाकला. टाच आधी टेकत होती! इतर रोग्यांकडून महिनाभर कसरती करून घेऊनही जे मला जमत नाही ते हरभरा करत होता. धुऱ्यापाशी, म्हणजे रानाच्या बांधापाशी, मी त्यांना ट्रॉलीवाला ट्रॅक्टर वळवतात तसं मोठं वळण घ्यायला लावलं आणि गाडीवाटेवर आणलं, टणक आणि सपाट. तिथं दोन पावलांत खिळले. पुन्हा हरभऱ्यात, पुन्हा चालले. मी तीन वेळा करून बघितलं. चौथ्यांदा करायला निघाले तेव्हा बालाजी म्हणाला, “मॅडम, बास की, दमले ते.”

बाजेवर बसवून मी विचारलं, “दादा, तिकडं पाय अडतो. मग इथं कसा उचलता?”

“पिकावर पाय कसा देऊ, बाई?”

मी तशीच धुऱ्यावर बसले. पिकावर पाय द्यायचा नाही. उंबऱ्यावरही पाय द्यायचा नाही. सत्तर वर्षं ह्या माणसानं दोन्ही गोष्टी पाळल्या. समोर ओलांडायला काही दिसलं की पाय उचलणं हे मेंदू वेगळ्या वाटेनं करतो, ती वाट ह्या रोगात पुष्कळदा शाबूत राहते. सपाट जागी मात्र सगळी भिस्त आतल्या ठेक्यावर, आणि तोच बिघडलेला. मी हे जमेल तसं समजावून सांगितलं. रंगनाथराव म्हणाले, “मंजी माजा आटो जळालाय.”

विहिरीवरच्या मोटारीला आटो असतो. लाईट आली की मोटार आपोआप चालू होते. आटो जळाला तरी मोटार चांगली असते, हातानं बटण दाबलं की झालं. इतकं नेमकं मला कोणत्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. आजही रोग्यांना मी हेच सांगते.

“दादा,” मी विचारलं, “तो उंबरा ओलांडताना कधी पडला होतात?”

“कवाच न्हाई. अडायचो ते फरशीवर. उंबरा दिसला की पाय सुटायचे.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुमी इचारलंत कुटं? तुमी तर लगीच गवंडी बोलवा मनलात.”

बालाजी खाली बघत होता. मग बापाच्या पायातली सुटलेली चप्पल त्यानं हातानं नीट घातली आणि म्हणाला, “दादा, मी लय बोललो तुमाला.” रंगनाथराव म्हणाले, “तुला तरी काय ठावं होतं? मलाबी न्हवतं. मलाबी वाटायचं, मीच सोंग करायलोय का काय.”

ह्या वाक्यानं मला हलवलं. आपल्याच पायावर खोटेपणाचा संशय घेत हा माणूस वर्षभर जगला होता.

घरी येऊन मी सत्यभामेची माफी मागितली. उंबरा काढला म्हणून दादा पडले हे म्हातारीचं म्हणणं बरोबर होतं, फक्त तिनं दिलेलं कारण चुकीचं होतं. सत्यभामा म्हणाली, “जाऊ द्या मॅडम. लक्ष्मीचं मी बघते, तुमी मामाचं बघा.” उंबरा परत बसवावा म्हटलं तर तो चुलीत गेला होता. आणि नुसत्या उंबऱ्यानं भागणार नव्हतं, सगळी गुळगुळीत फरशी वैरी झाली होती. मी म्हटलं, जमिनीवर आडव्या रेघा पाहिजेत, खाटेपासून संडासापर्यंत, ह्यांच्या एकेका पावलाच्या अंतरानं, लांबून दिसतील अशा. पट्टी कुठं मिळेल याचा मी विचार करत होते, तोवर सत्यभामा आतून डबा घेऊन आली. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो लाल ऑइल पेंट, अर्धा उरलेला. रोज रांगोळीचा हात तिचा. दोरी न लावता तिनं सरळ बोटबोट रुंद अकरा रेघा ओढल्या. दाराची रेघ मात्र तिनं मलाही न विचारता चांगली जाड काढली, आणि वाळल्यावर तिच्या कडेला हळदीकुंकू वाहिलं. शेजारच्या बाया दारातून डोकावून गेल्या. मॅडमनं आता घरात भानामतीच्या रेघा मारल्यात, ही बातमी झरीभर झाली.

त्यावर सहा आठवडे आमची तालीम चालली. प्लास्टर निघेपर्यंत कुणीतरी धरून, मग शेजारी नुसतं चालून. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात, तशीच रंगनाथराव पावलं मोजायचे, “लाभ, दोन, तीन…” लाल रेघेवर त्यांनी एकदाही पाय दिला नाही. पाणी प्यायला लागले. सत्यभामेनं तांब्या भरून ठेवला की तो रिकामा व्हायचा, आणि ती तो रिकामा तांब्या मला आल्या-आल्या दाखवायची.

हे सगळ्यांना लागू पडतं असं समजू नका. पुढं एका बाईंच्या घरी मी अशाच रेघा मारल्या, त्यांना काडीचा फरक पडला नाही, उलट रेघा बघून गोंधळल्या. आणि उंबरे मी आजही काढायला लावते, बहुतेकांना ते अडखळवतातच. फक्त आता माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच चपलेत, गोळीच्या आधी आणि गोळीच्या नंतर चालताना बघते, मग तोंड उघडते. भाची म्हणते, मावशी, तुला एका घराला दोन तास लागतात. लागू देत. रंगनाथरावांचं मनगट वाकडं जुळलं ते जुळलंच. तो हात पुन्हा पुरता वळला नाही, आणि तो माझ्या यादीनं मोडला होता.

एकट्यानं जाण्याची पहिली पाळी आली त्या दिवशी मी मुद्दाम सकाळी लवकर झरी गाठली. नियम पुन्हा-पुन्हा सांगितले होते. बसताना भिंतीतली दांडी धरायची, उठून लगेच निघायचं नाही, दार नुसतं लोटायचं, आतून कडी लावायची नाही. आत पडलात तर बाहेरून उघडता आलं पाहिजे. रंगनाथरावांनी प्रत्येकाला मान हलवली होती.

ते उठले. जरा थांबले. “लाभ.” आम्ही तिघं खाटेपाशी उभे, कुणी हात पुढं करायचा नाही असं ठरलेलं. बालाजीनं स्वतःचे हात काखेत दाबून धरले होते. दाराशी ते थबकले. त्यांनी खाली त्या जाड रेघेकडं बघितलं, पाय चांगला वर उचलला आणि ओलांडला. पडवी संपली. संडासात शिरले, दार लोटलं.

आणि आतून खट्टकन कडी लागली.

“मॅडम, कडी!” बालाजी धावला, मीही त्याच्यामागं. सत्यभामा जागची हलली नाही. दारापाशी पोचून मी कडी काढायला सांगणार, तेवढ्यात आतून आवाज आला. वर्षभर ज्याच्यासाठी कान तोंडाशी न्यावा लागायचा तो आवाज खणखणीत आला.

“कोन उभं ऱ्हायलंय तितं? जावा की आपापल्या कामाला!”

सत्यभामा पहिली वळली, चुलीकडं गेली. मग आम्ही दोघंही गेलो.